घोडा का अडला? : जंत, औषध आणि औषधाचा घसारा

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले? या तीन प्रश्नांचे एकच उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत : न फिरवल्यामुळे. उत्तर मोठे चतुर आहे, परंतु घोड्याच्या बाबतीत ते अपुरे आहे. घोडा कित्येकदा पोटातल्या कारणाने अडतो. चंदी पुढे टाकलेली असते, पण तो तोंड लावीत नाही. मान वळवून पुन्हा पुन्हा आपल्याच कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, घामाने निथळतो. याला पोटशूळ म्हणतात. पोटशुळाची कारणे अनेक आहेत : खराब वैरण, पोटात गेलेली वाळू, पाण्याची कमतरता, झिजलेले दात. यांच्याच पंक्तीत बसणारे एक फार जुने कारण म्हणजे जंत. मराठीत आपण जंत म्हणतो, कन्नड बांधव जंतुहुळ म्हणतात. नावे जवळजवळ एकच, आणि दुखणेही एकच.

मोटारींच्या युगात घोड्या-गाढवांच्या जंतांचा विचार कशासाठी, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख, खेचरे सुमारे ८४ हजार आणि गाढवे सुमारे १.२४ लाख उरली होती. २०१२ च्या गणनेशी तुलना करता गाढवांची संख्या सात वर्षांत ६१ टक्क्यांनी घटली. परंतु जी जनावरे उरली आहेत ती बहुतांशी कष्टाची आहेत. वीटभट्टीवर विटा, नदीकाठी वाळू, हिमालयातील यात्रामार्गांवर यात्रेकरू व सामान, माथेरानला प्रवासी, असे ओझे ती वाहतात. जनावर चार दिवस बसले की मालकाची चार दिवसांची मजुरी बुडते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपण उपहासाने वापरतो. ज्यांचा संसारच गाढवाच्या पायांवर उभा आहे त्यांना तीत उपहास दिसणार नाही.

दुसरे कारण अधिक व्यापक आहे. या जंतांवरील औषधांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर चांगले औषध अतिवापराने कसे निकामी होत जाते याचे अगदी स्पष्ट उदाहरण हाती येते. ते वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे.

जंत कोणकोणते?

घोडा, गाढव व खेचर ही एकाच कुळातील जनावरे असल्याने त्यांचे जंतही बहुतेक समान आहेत. त्यांचे मुख्य गट असे.

पहिला गट मोठ्या स्ट्राँगाइल जंतांचा. त्यांतील स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस हा सर्वांत घातक. पूर्ण वाढलेला हा जंत जेमतेम दीड ते अडीच सेंटिमीटर लांब असतो. मोठा म्हणायचे ते केवळ दुसऱ्या गटाच्या तुलनेने. दुसरा गट लहान स्ट्राँगाइल किंवा सायथोस्टोम जंतांचा. यांच्या सुमारे पन्नास जाती आहेत आणि कुरणात चरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जनावराच्या पोटात ते असतात. तिसरा पॅरास्कॅरिस हा गोल जंत. हा शिंगरांचा शत्रू. याची मादी ५० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे हातभर वाढते. चौथा अॅनोप्लोसेफाला हा चपटा जंत. लहान आतडे जेथे उंडुकाला मिळते त्या जागी तो चिकटून राहतो. पाचवा ऑक्सियुरिस. याची मादी गुदद्वाराभोवती अंडी घालते. तेथे खाज सुटते आणि जनावर भिंतीला शेपटीचे मूळ घासत राहते. जठरात चिकटलेल्या ज्या तांबूस अळ्या कधी कधी लिदीतून पडतात, त्या मात्र जंत नव्हेत. त्या गॅस्ट्रोफिलस नावाच्या माशीच्या अळ्या होत.

येथे विज्ञान शाखेच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिंगरांना छळणाऱ्या पॅरास्कॅरिसने जीवशास्त्रावर मोठे उपकार केले आहेत. या जंताच्या पेशीत गुणसूत्रे अगदी थोडी आणि मोठी असतात, त्यामुळे ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. १८८३ साली बेल्जियमच्या एदुआर फान बेनेडेन यांनी याच जंताच्या अंड्यांवरून दाखवून दिले की, गर्भाला नराकडून व मादीकडून सारखीच गुणसूत्रे मिळतात. पुढे जर्मनीच्या थिओडोर बोव्हेरी यांनीही याच जंतावर आपले प्रसिद्ध प्रयोग केले.

लिदीपासून पोटापर्यंत

जंतांविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पोटात एक जंत शिरला की त्याचे तेथेच शंभर होतात, असे लोक समजतात. स्ट्राँगाइल जंतांच्या बाबतीत हे खरे नाही. पोटातला जंत अंडी घालतो, परंतु ती अंडी पोटात उबत नाहीत. ती लिदीबरोबर बाहेर पडतात. पोटात शंभर जंत असतील तर शंभर अळ्या बाहेरूनच गिळल्या गेल्या आहेत, असे समजावे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील सारे उपाय आपोआप समजतात.

बाहेर पडलेल्या अंड्यातून लिदीतच अळी निघते. ती दोनदा कात टाकते आणि तिसऱ्या अवस्थेला पोहोचते. ऊब व ओल अनुकूल असेल तर याला आठवडाभर पुरतो. ही तिसऱ्या अवस्थेतील अळीच काय ती संसर्ग करू शकते. दवाच्या किंवा पावसाच्या ओलीवर ती गवताच्या पात्यावर चढते व चरणाऱ्या जनावराच्या पोटात जाते. या अळीची एक मौज आहे. तिच्या अंगावर आधीच्या अवस्थेची कात तशीच राहिलेली असते. त्या कातीत ती सुरक्षित असते, पण तिला काही खाता येत नाही. साठवलेल्या पुंजीवरच तिला दिवस काढावे लागतात. थंडीत तिची हालचाल मंद असते, म्हणून पुंजी पुष्कळ काळ पुरते. उन्हाळ्यात हालचाल वाढते, खर्च वाढतो आणि अळी लवकर मरते. म्हणूनच आपल्याकडे पावसाळा हा जंत पसरण्याचा मोसम आणि कोरडा कडक उन्हाळा हा कुरण शुद्ध होण्याचा मोसम.

गोल जंताची तऱ्हा वेगळी. त्याच्या अंड्याचे कवच जाड व चिकट असते. ते तबेल्याच्या जमिनीला, भिंतीला, घोडीच्या आचळालाही चिकटून राहते आणि कित्येक वर्षे जिवंत राहू शकते. शिंगरू चाटता-चाटता ती अंडी गिळते. चपट्या जंताला तर मध्यस्थच लागतो. गवतातील अतिसूक्ष्म कोळीवर्गीय कीटक त्याची अंडी खातात आणि असे कीटक गवताबरोबर जनावराच्या पोटात जातात.

पोटात काय घडते?

स्ट्राँगिलस व्हल्गॅरिसची अळी आतड्यात शिरल्यावर तेथे थांबत नाही. ती आतड्याच्या भिंतीतील बारीक रक्तवाहिन्यांत घुसते आणि रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने सरकत आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिणीच्या मुळाशी पोहोचते. तेथे ती काही महिने मुक्काम करते. रोहिणीची भिंत सुजते, जाड होते, आत रक्ताच्या गुठळ्या धरतात. एखादी गुठळी सुटून पुढच्या वाहिनीत अडकली, की आतड्याच्या तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तो भाग मरतो आणि पोटशुळाने घोडा दगावतो. अळी पुन्हा आतड्यात परतून अंडी घालू लागेपर्यंत सहा-सात महिने गेलेले असतात. म्हणजे लिदीत अंडी दिसण्यापूर्वीच खरे नुकसान होऊन जाते.

लहान स्ट्राँगाइल जंत इतका दूरचा प्रवास करीत नाहीत. त्यांच्या अळ्या उंडुकाच्या व मोठ्या आतड्याच्या भिंतीत पुटी करून निजतात. ही निद्रा काही आठवड्यांची असते, तशीच दोन वर्षांहून अधिकही असू शकते. पुष्कळशा अळ्या एकाच वेळी जाग्या होऊन भिंत फोडून बाहेर पडल्या तर जनावराला जोराची हगवण लागते, अंगावर सूज येते, वजन झपाट्याने उतरते. अशा तीव्र आजारात उपचार करूनही निम्मी जनावरे दगावू शकतात.

गोल जंताच्या अळ्या यकृतातून फुप्फुसात व तेथून घशावाटे पुन्हा आतड्यात येतात. शिंगरू खोकते, त्याचे पोट सुटते, केस राठ होतात, वाढ खुंटते. जंत फार झालेले असताना एकदम जोराचे औषध दिले तर मेलेल्या जंतांचा गुंता लहान आतड्यात अडकून शिंगरू मरण्याचाही धोका असतो. म्हणून शिंगराला औषध देण्यापूर्वी पशुवैद्याला विचारणे आवश्यक आहे.

गाढवाविषयी एक इशारा. गाढव दुखणे लपवते. लिदीत भरपूर अंडी असूनही ते वरून धडधाकट दिसते. उलट, अंगावर मांस नसलेले प्रत्येक गाढव जंतांनीच पोखरले आहे, असेही नव्हे. अपुरी वैरण, अति ओझे आणि दातांचे दोष ही कारणे तितकीच बलवत्तर असतात. ज्याला पोटभर चारा हवा त्याला नुसते औषध पाजून भागत नाही.

औषधांचा उदय

१९४० च्या दशकात फिनोथायझिन हे औषध वापरात आले. १९६० च्या दशकाच्या आरंभी थायाबेंडाझोल आले. ते अधिक सुरक्षित व अधिक प्रभावी होते. १९६६ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या ड्रज व लायन्स या शास्त्रज्ञांनी एक सोपा कार्यक्रम सुचविला : सर्व घोड्यांना दर आठ आठवड्यांनी औषध द्यावे. यामागे स्पष्ट हिशेब होता. औषधानंतर सुमारे आठ आठवड्यांनी लिदीत पुन्हा अंडी दिसू लागतात. त्याआधीच पुढची मात्रा दिली तर कुरण दूषित होणारच नाही. त्यांचा मुख्य शत्रू होता स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस. त्याला सहा महिने वाढावे लागत असल्याने या माऱ्यापुढे तो टिकला नाही. जेथे जेथे हा कार्यक्रम नीट पाळला गेला तेथे तो जंत दुर्मिळ झाला.

१९८१ साली आयव्हरमेक्टिन बाजारात आले. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी शिझुओका प्रांतातील एका गोल्फ मैदानाजवळची माती गोळा केली होती. तीतील सूक्ष्मजीवापासून हे औषध मिळाले. अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांनी त्याचा जंतांवरील प्रभाव सिद्ध केला. २०१५ साली या दोघांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आयव्हरमेक्टिनमुळे रक्तवाहिनीत दडलेल्या अळ्याही मरू लागल्या. घोडेवाल्यांना वाटले, लढाई जिंकली.

घसारा

परंतु शत्रू बदलला तरी रणनीती तीच राहिली. स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस हटला, लहान स्ट्राँगाइल पुढे आले, आणि दर दोन महिन्यांची मात्रा मात्र सवयीने चालू राहिली.

औषध निकामी कसे होते? औषधामुळे जंताच्या अंगी नवीन शक्ती येत नाही. लक्षावधी जंतांत काही थोडे जन्मतःच असे असतात की त्यांच्यावर त्या औषधाचा परिणाम होत नाही. औषध दिल्यावर इतर मरतात आणि हे उरतात. पुढचे काही आठवडे लिदीत जी अंडी पडतात ती केवळ यांचीच. प्रत्येक मात्रेबरोबर कुरणात त्यांचा वाटा वाढत जातो.

थायाबेंडाझोलला न जुमानणारे लहान स्ट्राँगाइल १९६० च्या दशकातच आढळले. आज त्या वर्गातील औषधे लहान स्ट्राँगाइलवर जगाच्या बहुतेक भागांत लंगडी पडली आहेत. गोल जंतांवर आयव्हरमेक्टिन चालत नसल्याची पहिली नोंद २००२ साली नेदरलँड्समधून आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, आयर्लंडहून अमेरिकेत आणलेल्या घोड्यांतील लहान स्ट्राँगाइल आयव्हरमेक्टिनलाही दाद देत नाहीत, असे दिसून आले. आणि स्ट्राँगाइलसाठी घोड्यांकरिता आयव्हरमेक्टिननंतर नव्या वर्गाचे एकही औषध बाजारात आलेले नाही. बेंझिमिडाझोल, पायरँटेल आणि आयव्हरमेक्टिनचा वर्ग हे तीनच हाती आहेत. प्राझिक्वांटेल आहे ते केवळ चपट्या जंतासाठी.

यंत्र वापरले की त्याची किंमत घटते व तो घसारा वहीत मांडावा लागतो, हे आपण वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी शिकतो. औषधाच्या गुणालाही असाच घसारा लागतो; फरक इतकाच की तो कोणाच्याच वहीत मांडला जात नाही. मालक फक्त पुडीची किंमत पाहतो. गरज नसताना दिलेल्या मात्रेने औषधाचा गुण जितका झिजतो, त्याचा भार शेजारच्या तबेल्यावर, सामाईक कुरणावर आणि पुढच्या पिढीवर पडतो. जनावरांच्या खरेदी-विक्रीबरोबर तो दूरवरही पोहोचतो. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा मोठा बाजार भरतो. तेथे सौराष्ट्रातील काठेवाडी गाढवेही विकायला येतात. गाढव एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाते तेव्हा त्याच्या पोटातील जंतही जातात, औषधाला न जुमानणारे असतील तर तेही.

‘औषध फिरवा म्हणजे जंत सरावत नाहीत’, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. आरंभीच्या कोड्याचे उत्तर येथे मात्र लागू पडत नाही. तीन औषधांपैकी एक आधीच निकामी झाले असेल, तर ते फिरवून आणल्याने त्या पाळीत जनावर बिनऔषधाचेच राहते. कोणते औषध आपल्या कळपात चालते, हे आधी तपासले पाहिजे.

लिदीचा हिशेब

ही तपासणी अवघड नाही. मीठ पाण्यात विरघळेनासे होईपर्यंत घालून दाट द्रावण करतात. जंतांची अंडी अशा द्रावणात तरंगतात. ३ ग्रॅम लीद ४२ मिलिलिटर द्रावणात कालवून गाळली की एकूण ४५ मिलिलिटर होते, म्हणजे दर १५ मिलिलिटरला १ ग्रॅम लीद. मॅकमास्टर नावाच्या काचपट्टीत रेषांनी आखलेले दोन कप्पे असतात, प्रत्येकाखाली ०.१५ मिलिलिटर द्रावण मावते. दोन्ही मिळून ०.३० मिलिलिटर, म्हणजे एका ग्रॅमचा पन्नासावा भाग. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या अंड्यांना ५० ने गुणले की दर ग्रॅमला अंडी किती ते कळते. मेंढ्यांसाठी ही पद्धत १९३९ साली ऑस्ट्रेलियात निघाली आणि आजही तीच चालू आहे.

अशा मोजणीतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. कळपातील सगळी जनावरे सारखी अंडी टाकीत नाहीत. साधारण पाचवा हिस्सा जनावरे एकूण अंड्यांपैकी चार पंचमांश अंडी टाकतात. प्रौढ जनावराचा आकडा २०० च्या खाली असेल तर त्याला सहसा जादा मात्रेची गरज नसते. ५०० च्या वर असेल तर निश्चित असते. ज्यांना मात्रा दिली नाही त्यांच्या पोटातील जंत, आणि कुरणावरील अळ्या, यांच्यात औषधाने मरणारे वाण शिल्लक राहते. ते न मरणाऱ्यांत मिसळत राहते आणि त्यांचा जोर वाढू देत नाही. सगळे जंत मारण्याचा हट्ट सोडल्यानेच औषध टिकते, ही यातील मुख्य गोष्ट आहे.

औषध चालले की नाही, हेही याच मोजणीने ठरते. मात्रेपूर्वी एकदा व १४ दिवसांनी पुन्हा अंडी मोजावीत. ६०० ची ६ झाली तर घट ९९ टक्के. औषध उत्तम चालले. ६०० ची १८० झाली तर घट ७० टक्केच. त्या कळपात ते औषध बाद समजावे. अर्थात एका जनावरावरून निकाल देऊ नये, पाच-सहा जनावरांची सरासरी पाहावी.

या मोजणीला मर्यादाही आहेत. भिंतीत निजलेल्या व रक्तवाहिनीत फिरणाऱ्या अळ्या तीत दिसत नाहीत, आणि चपट्या जंतांची अंडी पुष्कळदा निसटतात. डेन्मार्कचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९९ पासून जंतांचे औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तपासणी करूनच दिले जाते. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, केवळ जास्त अंडी टाकणाऱ्या घोड्यांनाच औषध देणाऱ्या ठिकाणी जुना स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस पुन्हा अधिक आढळला. म्हणून आजचा सल्ला मध्यम मार्गाचा आहे : सर्व प्रौढ जनावरांना वर्षातून एक किंवा दोन मात्रा, आणि त्याहून अधिक फक्त ज्यांना मोजणीवरून गरज दिसेल त्यांना. शिंगरांचे वेळापत्रक वेगळे असते.

मालकाच्या हातातले

बहुतेक उपाय औषधाविना होण्यासारखे आहेत. कुरणातील लीद आठवड्यातून दोनदा उचलावी. अळी गवतावर चढण्यापूर्वीच ती दूर होते. लीद ढीग करून कुजवावी. ढिगातील उष्णतेने अंडी व अळ्या मरतात. ताजी लीद चराऊ कुरणावर पसरू नये. वैरण जमिनीवर न टाकता गव्हाणीत, चंदी तोबऱ्यात द्यावी. घोड्यांमागून गुरे चारावीत. घोड्याचे बहुतेक जंत गुरांच्या पोटात जगत नाहीत. नवीन आणलेले जनावर तपासणी व औषध होईपर्यंत वेगळे बांधावे.

औषध द्यायचे तेव्हा वजन पाहून द्यावे. तराजू नसला तरी फीत पुरते. घोड्याच्या छातीचा घेर दोनदा घेऊन गुणावा, त्याला अंगाच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये असली की उत्तर किलोग्रॅममध्ये येते. घेर १५० व लांबी १४० असेल तर वजन सुमारे २६५ किलो. आयव्हरमेक्टिनची मात्रा दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ५३ मिलिग्रॅम. गाढवाची ठेवण निराळी असल्याने त्याच्यासाठी हे सूत्र चालत नाही. त्याचे कोष्टक वेगळे आहे. अंदाजाने दिलेली अपुरी मात्रा पैसे वाचवीत नाही. अर्धवट चिवट जंतांना ती जगवते.

वीटभट्टीवरील गाढवाच्या मालकाला मात्र काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक कोठून मिळणार? तेथे महाविद्यालयांना काही करता येण्यासारखे आहे. सूक्ष्मदर्शक आपल्या प्रयोगशाळांत आहेत, मीठ व गाळणी कोठेही मिळते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सरकारी पशुवैद्यांच्या मार्गदर्शनाखाली एखाद्या वस्तीवरील जनावरांची अंडी मोजणे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. त्या आकड्यांचा तक्ता करणे, सरासरी व टक्केवारी काढणे आणि मालकाला कोणत्या जनावरावर खर्च करावा व कोणत्यावर करू नये हे सांगणे, हे काम वाणिज्य शाखेचे. ते मराठीत सांगावे लागेल आणि कन्नडमध्येही. आपल्या महाविद्यालयात दोन्ही भाषांचे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात, तेव्हा तीही अडचण नाही.